चौदा स्थळं, प्रत्येकी दीड तास

"पहिलं स्थळ अकरा वाजता येणार आहे," शालनआत्या म्हणाली आणि माझ्या बशीत पावाचा आणखी एक तुकडा ठेवला.

मी घड्याळ बघितलं. नऊ वाजले होते. आदल्या संध्याकाळी मी व्हिएन्नाच्या विमानतळावर उतरले होते, आत्याकडे नऊ तास झोपले होते आणि अंगात चौदा मजले चढायचा जोर होता.

"येणार म्हणजे?" मी म्हटलं. "आपणच जायचं ना तिथे?"

"आपण कशाला? मुलीनं जायचं नसतं. परदेशात राहिलो म्हणून काय झालं? येतील, बसतील, पोहे खातील, जातील."

मला वाटलं, ती कुणा गाइडबद्दल बोलते आहे. इथले गाइड घरी येत असतील, पोहेही खात असतील. मी माझा कागद टेबलावर पसरला.

कागद

आलेख कागद होता, ड्रॉइंग बोर्डाच्या निम्म्या आकाराचा. मी तेव्हा मिरजेत एका आर्किटेक्टकडे ड्राफ्ट्समन होते. ड्राफ्ट्सवुमन असा शब्द ऑफिसात कुणी वापरत नसे, मीही नाही. एका सिमेंट कंपनीच्या स्पर्धेत माझ्या दोन खोल्यांच्या घराच्या नकाशाला बक्षीस मिळालं होतं: युरोपातल्या कुठल्याही एका शहराचं जाऊन-येऊन तिकीट. मी व्हिएन्ना निवडलं, कारण तिथे माझ्या वडिलांची, अण्णांची, चुलत बहीण शालनआत्या होती, आणि तिथे किलोमीटरभराहून जास्त लांबीची एक चाळ आहे असं मी एका मासिकात वाचलं होतं.

कागदावर आडवे पाच दिवस, उभे तास. प्रत्येक स्थळाला एक चौकोन. कॅथीड्रल, राजवाडे दोन, चित्रांचं संग्रहालय, कार्ल्सकिर्श, पोस्टाच्या बचत बँकेची इमारत, मोठा पाळणा, आणि शेवटच्या दिवशी, बक्षिसासारखी, ती चाळ. दोन चौकोनांच्या मध्ये चालायची मिनिटं. जेवण उभ्यानं. सात रात्री जागून तो कार्यक्रम मी आखला होता आणि मी आखलेलं चुकत नाही, असं माझं मत होतं. अजूनही साधारण तेच आहे.

आत्यानं चष्मा लावून कागद बघितला, मान हलवली, मग फ्रीजवरच्या चुंबकाखालून स्वतःचा कागद काढला. जुन्या कॅलेंडरचं पान होतं, मागच्या बाजूनं लिहिलेलं.

"हे बघ," ती म्हणाली. "तू चौदा म्हणालीस, पण सहाच जमली. व्हिएन्नात आपली माणसं आहेत किती? आज अकराला घैसास, मूळचे चिपळूणचे, पंपांच्या कारखान्यात इंजिनिअर, वय एकतीस. चारला श्रीराममूर्ती, ते तेलुगू आहेत पण मराठी समजतं. उद्या साल्झबर्गहून एक येतील. सोमवारी डॉक्टर पटवर्धन. बावन्न वर्षांचे आहेत, बायको गेली, पण तूच लिहिलं होतंस की चालेल."

मी पाव खाली ठेवला.

पत्र

आत्यानं ते जपून ठेवलं होतं. निळं, हवाई टपालाचं, तिन्ही बाजूंनी दुमडायचं. तिनं ते मला मोठ्यानं वाचून दाखवलं.

"प्रिय आत्या, मी पाच दिवसांसाठी येते आहे. तेवढ्यात चौदा स्थळं बघायची आहेत. एकेकाला दीड तास पुरे. एखादं फारच आवडलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बघेन. तुझ्या माहितीतलं काही असेल तर सुचव. फार नावाजलेलं नसलं तरी चालेल. जुनं चालेल, थोडी पडझड झाली असेल तरी हरकत नाही, मात्र पाया भक्कम हवा. आणि नुसतं बाहेरून बघून माझं समाधान होत नाही. तुझी, वैजू."

"ते शेवटचं वाक्य वाचून मी जरा घाबरले होते," आत्या म्हणाली. "पण म्हटलं, चोवीस वर्षांत मिरज बदलली असेल."

मी हसायला लागले. आत्याचे यजमान फ्रान्झकाका खिडकीशी वर्तमानपत्र वाचत होते, त्यांनी पत्नीकडे बघितलं. आत्या हसत नव्हती. मी तिला सांगितलं की स्थळं म्हणजे इमारती. चर्च, राजवाडे, पूल. सहलीच्या जाहिरातीत असतात ती. निळ्या कागदावर जागा थोडी म्हणून मी शब्द कमी वापरले.

तिनं कॅलेंडरचं पान हातानं सपाट केलं.

"मला किती आनंद झाला होता, माहीत आहे?" ती म्हणाली. "मी फ्रान्झला सांगितलं, आमच्या घरातली मुलगी स्वतः विमानात बसून स्थळं बघायला निघाली आहे. एकेकाला दीड तास देणार आहे. आवडलं तर परत बघणार आहे. मी आमच्या दवाखान्यातल्या सगळ्या नर्सना सांगितलं."

मग मला इचलकरंजीचं सांगावं लागलं. अण्णांनी तिला ते कळवलेलं नव्हतं.

हेर्लेकर. सुताचा व्यापार. मुलगा सुहास, पदवीधर, निर्व्यसनी, दिसायला बरा. महिन्यापूर्वी बघून गेले होते, पसंती कळवली होती. बुधवारी माझं परतीचं विमान होतं, शुक्रवारी मी मिरजेत पोचणार होते आणि रविवारी बैठक ठरली होती. बैठक म्हणजे देण्याघेण्याचं आणि तारखेचं बोलणं, ती झाली की मुलीच्या हो-नाहीचा प्रश्न उरत नाही. सुहासच्या आईनं सांगितलं होतं की लग्नानंतर नोकरीची गरज पडणार नाही, पण घरी बसून हौसेनं नकाशे काढायला त्यांची काही हरकत नाही.

"तुझं काय म्हणणं आहे?" आत्यानं विचारलं.

मी म्हटलं, नाही म्हणण्यासारखं काही सापडलं नाही.

"तू त्याला किती वेळ बघितलंस?"

मला वेळ मोजायची सवय आहे. "नऊ माणसं आली होती. तो माझ्या समोर बसला होता, ते सतरा मिनिटं."

"बोलला काय?"

"मिरजेत उकाडा जास्त असतो का, म्हणाला. मी म्हटलं, तुमच्याइतकाच."

आत्यानं माझा आलेख कागद जवळ ओढला आणि एका चौकोनावर बोट ठेवलं.

"हे काय आहे?"

"कार्ल्सकिर्श. चर्च आहे."

"याला दीड तास," ती म्हणाली. "आणि त्याला सतरा मिनिटं."

ती उठून कांदा चिरायला लागली.

शनिवार, अकरा ते साडेबारा. माझ्या कागदावर: कॅथीड्रल. आत्याच्या कागदावर: घैसास.

त्याला आता नको म्हणून कळवणं शक्य नव्हतं, तो ट्रॅममध्ये होता. बरोबर अकराला बेल वाजली. उंच, टाय लावलेला, हातात कुंडीतलं झाड. झाड कुणाला द्यायचं हे न कळल्यामुळे त्यानं ते फ्रान्झकाकांना दिलं.

आत्यानं त्याला आधीच खरं सांगून टाकलं. तो टाय सैल करून खुर्चीत मागे टेकला आणि म्हणाला, फार बरं झालं. त्याला लग्न करायचंच नव्हतं. कांदेपोहे आहेत असं आत्या फोनवर म्हणाली होती, म्हणून आला. तीन बशा खाल्ल्या. तिसरी खाताना त्याची नजर माझ्या कागदावर गेली आणि पंपवाल्याची नजर एकदा कागदावर गेली की उठत नाही, हे मी त्या दिवशी शिकले.

"हे कुणी काढलंय?"

मी म्हटलं, मी.

"सुंदर आहे. पण होणार नाही."

मी विचारलं, का होणार नाही? मिनिट अन् मिनिट मोजलेलं आहे.

त्यानं पेन काढलं. आमचं त्यावर तासभर भांडण झालं, आणि मला ते भांडण अजून शब्दाशब्दानं आठवतं, पण इथे थोडक्यात सांगते. तो म्हणाला, तुम्ही माणूस नळातल्या पाण्यासारखा धरलाय, सतत एका वेगानं वाहणारा. माणूस तुंबतो. चित्रांच्या संग्रहालयात तुम्ही एका चित्रापुढे तुंबणार, की पुढचे तीन चौकोन कोरडे. मी म्हटलं, मी तुंबत नाही. तो म्हणाला, मग बघायला कशाला आलात, यादी मिरजेत बसूनही वाचता आली असती.

मी माझा कागद त्याच्या पेनाखालून ओढून घेतला.

इतका वेळ गप्प असलेले फ्रान्झकाका कुंडी बाजूला ठेवून टेबलाशी आले. ते एकतीस वर्षं ट्रॅम चालवून निवृत्त झाले होते. मराठी त्यांना सगळं समजे, आणि जे थोडं बोलत ते आत्याकडून शिकलेले असल्यामुळे बायकांसारखं बोलत.

"मी सांगते," फ्रान्झकाका म्हणाले.

त्यांनी माझे दिवस पुसून टाकले. खरोखर, खोडरबर घेऊन. दिवसांच्या जागी ट्रॅमचे नंबर लिहिले. डी नंबरवर बेल्व्हेडेअरचा राजवाडा, संग्रहालयं आणि पार वरती माझी चाळ. एकाहत्तरवर कार्ल्सकिर्शजवळून पुढे थेट दफनभूमी, तीही बघायचीच, ते म्हणाले, सगळं व्हिएन्ना तिथेच आहे. अठ्ठावन्नवर दुसरा राजवाडा. एका दिवशी एकच नंबर. वाटेल तिथे उतरायचं, कंटाळा येईपर्यंत बघायचं, पुढची ट्रॅम पकडायची.

"किती दिवस?" मी विचारलं.

त्यांनी घैसासकडे बघितलं. घैसासनं मनातल्या मनात काहीतरी मांडलं.

"बारा," तो म्हणाला.

माझ्याकडे पाच होते. त्यातलाही एक पोह्यांवर चालला होता.

शनिवार, दुपारी चार: श्रीराममूर्ती

आत्यानं फोन करून उरलेल्या पाचांना नको म्हणून कळवलं. प्रत्येकाला खरं कारण सांगितलं. डॉक्टर पटवर्धनांनी मी कोणकोणती चर्च बघणार आहे ते विचारून घेतलं आणि आपल्यातर्फे एक सुचवलं. ते पुढे मी बघितलं. पडझड झालेली होती, पाया भक्कम होता.

रविवार. डी.

चाळीला तिथे कार्ल मार्क्स होफ म्हणतात. मी ती शेवटी ठेवली होती. काका म्हणाले, तिथेच सुरुवात, कारण ते तिथे जन्मले होते आणि त्यांची बहीण मित्झी अजून तिथेच राहत होती.

बाहेरून बघायला अर्धा तास लागला, एका टोकाकडून निघून दुसऱ्याकडे पोचायलाच. लालसर रंग, मोठमोठ्या कमानी, कमानींतून आत बागा. तेराशेवर घरं. मी मिरजेतल्या दोन खोल्यांच्या घरांचे शंभर नकाशे काढले असतील. कामगारांसाठी कुणी एवढ्या कमानी कशाला बांधल्या, हे मला कळेना. मी काकांना विचारलं. त्यांनी खांदे उडवले. मग म्हणाले, "मी लहान होती तेव्हा वाटायचं, राजवाडा आमची आहे."

मित्झीचं घर दुसऱ्या मजल्यावर. स्वयंपाकघर, एक मोठी खोली, एक छोटी, गॅलरी. मी पर्समधून टेप काढला. पाहुणी म्हणून आलेली मुलगी ओट्याची उंची मोजते आहे हे बघून मित्झी आधी दचकली, मग तिनंच टेपचं दुसरं टोक धरलं. खिडकी अशा ठिकाणी होती की भांडी घासणाऱ्या बाईला बागेत खेळणारी पोरं दिसावीत. हे ठरवून केलेलं होतं. सत्तर वर्षांपूर्वी कुणीतरी बोर्डावर वाकून, बाई कुठे उभी राहील आणि तिला तिथून काय दिसेल, हे ठरवलं होतं. माझ्या बक्षीस मिळालेल्या घरात ओट्यासमोर भिंत होती.

मी तुंबले. दीड तासाचे पाच तास झाले. जिना काढला, कमान काढली, धुण्याची सार्वजनिक खोली काढली. शेजारणीनं आपलंही घर दाखवलं. आत्या बाहेर बाकावर झोपून गेली. संध्याकाळी ट्रॅममध्ये बसल्यावर माझ्याकडे सोळा पानं भरलेली होती आणि इमारतीचा चौथा भागही झाला नव्हता.

ट्रॅममध्ये आत्या एकच गोष्ट बोलली. खिडकीबाहेर बघत म्हणाली, "हे स्थळ पसंत आहे, असं दिसतंय."

सोमवार. नंबर नाही.

सकाळी मी विमान कंपनीच्या ऑफिसात गेले. बक्षिसाच्या तिकिटाची तारीख एकदा बदलता येत होती. व्हिसा वीस दिवसांचा होता. काउंटरवरच्या बाईनं बुधवार खोडला आणि पुढच्या आठवड्यातला गुरुवार लिहिला. तिनं कारण विचारलं नाही. मी सांगायच्या तयारीत होते.

बारा दिवसांचे तेरा झाले होते. एक घैसासला दाखवायला जादा.

दुपारी चार वाजता आत्याच्या दिवाणखान्यातल्या फोनवरून मी मिरजेला फोन लावला. तिकडे साडेसात झालेले असणार, अण्णा ऑफिसातून येऊन, आंघोळ करून, बातम्या ऐकत बसलेले असणार. आत्या स्वयंपाकघरात गेली आणि दार अर्धं उघडं ठेवलं. काका कुंडीला पाणी घालत होते.

अण्णा पाणीपुरवठा खात्यात हेडक्लार्क होते. कुणाला दुखवायचं नाही, आलेला कागद पुढे पाठवायचा, अशी त्यांची एकूण तऱ्हा. इचलकरंजीचं स्थळही त्यांच्या टेबलावर आलेला एक कागद होता. त्यांनी तो नीट वाचून माझ्याकडे पाठवला होता आणि सहीची वाट बघत होते. मी त्यांना आयुष्यात कधी नाही म्हटलेलं नव्हतं. कसं म्हणायचं ते मला त्या दिवशीही माहीत नव्हतं. मला फक्त एक शब्द माहीत होता.

त्यांनी विचारलं, जेवलीस का, थंडी आहे का, शालन बरी आहे का. मी तिन्हीची उत्तरं दिली.

"अण्णा," मी म्हटलं, "मी बुधवारी येत नाही. पुढच्या गुरुवारी निघते."

रेडिओचा आवाज बारीक झाला.

"रविवारी बैठक आहे, वैजू."

"माहीत आहे."

"त्यांचे मामा सोलापूरहून येणार आहेत. कार्यालयाची चौकशी झाली आहे."

"माहीत आहे, अण्णा."

"मग मी त्यांना काय सांगू?"

"जे आहे तेच सांगा. मुलगी व्हिएन्नात स्थळं बघते आहे. चौदापैकी एक झालं, तेरा राहिली आहेत. एवढ्यात परत येत नाही."

तिकडे पाठीमागे कुणीतरी भांडं खाली ठेवलं. आत्याच्या स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

"असं सांगितलं तर ते उठून जातील," अण्णा म्हणाले.

"हो."

"पुन्हा यायचे नाहीत. आणि चार घरी बोलतील. पुढच्यांनाही ऐकू जाईल ते."

"हो."

"तू विचार करून बोलते आहेस ना?"

"दोन दिवस केला आहे."

त्यांना मी अजून काही सांगणार होते. खिडकीचं, ओट्याचं, सोळा पानांचं. सतरा मिनिटांचंही. पण त्यांनी मधेच विचारलं, अगदी ऑफिसातल्या आवाजात, कागदावर शिक्का मारण्याआधी विचारतात तसं:

"यात खोटं काही नाही ना?"

"एक अक्षर नाही."

"ठीक आहे. मग मी उद्याच इचलकरंजीला जाऊन येतो. पत्रानं नको, तोंडी सांगतो. हेच शब्द सांगतो."

मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता. फोन ठेवायची वेळ झाली होती, पण ते ठेवत नव्हते, मीही नाही.

"वैजू," ते म्हणाले.

"काय, अण्णा?"

"तिथे सगळ्याच स्थळांना तिकीट लागतं का गं?"

आधी मला वाटलं, नीट ऐकू आलं नाही. मग मी भिंतीला टेकले. अर्ध्या उघड्या दारातून आत्या माझ्याकडे बघत होती.

"सगळ्यांना नाही," मी म्हटलं. "सहांना लागतं."

"मग रांगा असतील," अण्णा म्हणाले. "सकाळी लवकर जात जा."